रक्तपेढीतल्या प्लेटलेट्स 'चांगल्या' आहेत हे नक्की कसं ठरतं?

ट्यूबसीलर | सोमवार, रात्री १०:१२

डेंग्यूचा हंगाम आला की आमच्या खिडकीवर एक प्रश्न हमखास येतो, "प्लेटलेट्स चांगल्या आहेत ना?" मागे रांग असते, फोन वाजत असतो, त्यामुळे "हो, आहेत" एवढ्यावरच बोळवण होते. उत्तर खोटं नसतं, पण काय तपासून ते दिलं हे कुणालाच कळत नाही. मी एका जिल्ह्याच्या गावी रुग्णालयाच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. आपल्याकडे प्लेटलेट्सचा विषय निघाला की पपईच्या पानांवर जाऊन अडकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रक्तदात्याच्या ३५० किंवा ४५० मिलीच्या पिशवीतून लाल पेशी आणि प्लाझ्मा वेगळा काढला की प्लेटलेट्सची एक छोटी पिशवी उरते. ५०-७० मिली, फिकट पिवळी. ही आरडीपी (रँडम डोनर प्लेटलेट्स). दात्याला यंत्राला जोडून फक्त प्लेटलेट्स काढून घेतल्या तर ती एसडीपी (सिंगल डोनर प्लेटलेट्स). एका एसडीपीत पाच-सहा आरडीपींचा ऐवज असतो. दोन्ही २० ते २४ अंश तापमानात, ॲजिटेटरवर सतत हलवत ठेवायच्या आणि पाच दिवसांत वापरायच्या. लाल पेशी फ्रिजमध्ये महिनाभर निवांत पडून असतात, प्लाझ्मा गोठवला की वर्ष काढतो. प्लेटलेट्सचे लाड मात्र तान्ह्या बाळासारखे.

त्याचं कारण असं की त्या पिशवीत जिवंत असतात. ग्लुकोज खातात, ऑक्सिजन घेतात, लॅक्टिक आम्ल सोडतात. प्लाझ्मातलं बायकार्बोनेट हे आम्ल पचवतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो पिशवीच्या प्लास्टिकमधून बाहेर पडतो. ही पिशवी मुद्दाम वायू आरपार जाईल अशा प्लास्टिकची केलेली असते. म्हणून तिच्यावर वाट्टेल तेवढी लेबलं डकवायची नसतात, एकीवर एक रचायची नसते आणि हलवत ठेवायची असते. बायकार्बोनेट संपलं की पीएच, म्हणजे आम्ल वाढलं की उतरणारा आकडा, घसरतो. ६.२ च्या खाली गेला की त्या प्लेटलेट्स रुग्णाच्या अंगात टिकत नाहीत.

आता तपासणी. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत लिहिलंय की बनवलेल्या प्लेटलेट्सपैकी १ टक्का पिशव्यांची तपासणी करायची आणि त्यातल्या ७५ टक्के तरी निकषात बसल्या पाहिजेत. निकष म्हणजे काउंट, पीएच, पिशवीतलं आकारमान आणि निर्जंतुकपणा. ३५० मिलीच्या रक्तातून निघालेल्या आरडीपीत निदान ३५०० कोटी प्लेटलेट्स हव्यात, ४५० मिलीच्या रक्तातून ४५०० कोटी. एसडीपीत ३०,००० कोटी. पीएच ६ पेक्षा कमी नको. हे १ टक्क्याचं झालं. इश्यू करताना, म्हणजे पिशवी रुग्णासाठी देताना, प्रत्येक पिशवीची करायची चाचणी एकच, स्वर्लिंग.

स्वर्लिंग असं बघतात: पिशवी ट्यूबलाइटपुढे धरायची, दोन बोटांनी हलकेच दाबायची आणि सोडायची. प्लेटलेट्स धडधाकट असतील तर आत चमकदार, वळसे घेणाऱ्या लाटा दिसतात. निरोगी प्लेटलेट चपट्या चकतीच्या आकाराची असते. द्रव हलला की सगळ्या चकत्या प्रवाहाच्या दिशेने वळतात आणि प्रकाश कमी-जास्त परावर्तित होतो. बिघडलेली प्लेटलेट फुगून गोल होते. गोळ्याला कुठल्याही बाजूनं पाहिलं तरी सारखाच, त्यामुळे लाटा गायब. पिशवी नुसती गढूळ, मख्ख दिसते. ती आम्ही देत नाही.

विचारा काय विचारायचं ते.

---

शंकासुर | सोमवार, रात्री १०:४०

लेख छान, पण एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? सेल काउंटरवर लावा, आकडा बघा, विषय संपला. दिव्यापुढे पिशवी धरून बघणं म्हणजे २१व्या शतकात अंडं उजेडाला धरून तपासण्यातला प्रकार.

---

ट्यूबसीलर | सोमवार, रात्री ११:०५

शंकासुर, मेलेल्या प्लेटलेटचाही काउंट येतो. यंत्र फक्त आकारावरून मोजतं. पिशवी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी काउंट लावला तर आकडा झकास येईल, पण रुग्णाला तिचा उपयोग फारसा नाही.

दुसरं असं की जास्त काउंटची पिशवी म्हणजे जास्त चांगली, हेही खरं नाही. तेवढ्याच प्लाझ्मात जास्त तोंडं म्हणजे ग्लुकोज लवकर संपणार, आम्ल जास्त होणार. चौथ्या-पाचव्या दिवशी पीएच घसरलेली पिशवी बघितली तर बऱ्याचदा तिचा काउंट दणदणीत असतो आणि प्लाझ्मा कमी. म्हणून काउंटच्या शेजारी आकारमानाचा रकाना असतो. आकारमान वजनावरून काढतात: भरल्या पिशवीच्या वजनातून रिकाम्या पिशवीचं वजन वजा, भागिले घनता, म्हणजे १.०३. काउंट मायक्रोलिटरला १० लाख आणि पिशवीत ६० मिली असेल तर एकूण ६००० कोटी. ही पिशवी पास. पण तेवढ्याच प्लेटलेट्स ३५ मिलीत कोंबल्या तर पाचव्या दिवशी काय अवस्था होईल त्याची खात्री देणार नाही.

---

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी ७:२०

ट्यूबसीलर, मीही याच धंद्यातला, तुमच्यापेक्षा थोडा जुना असेन. लिहिलंय उत्तम, पण स्वर्लिंगला तुम्ही जरा जास्तच भाव दिलाय.

कुठल्याही रक्तपेढीचं इश्यू रजिस्टर उघडा. स्वर्लिंगच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'प्लस' नाहीतर 'ओके', एकाच पेनानं, एकाच झटक्यात. रात्रपाळीला एकटा माणूस, बाहेर नातेवाईक आरडाओरडा करताहेत, तो पिशवी दिव्यापुढे धरतो की नुसता प्लस मारतो, कुणी बघितलंय? आणि खरंच धरली तरी एकाला तीन प्लस दिसतं ते दुसऱ्याला एक प्लस. लाल पेशी थोड्या जास्त उतरल्या असतील किंवा दाता पोटभर जेवून आल्यानं प्लाझ्मा दुधाळ असेल, तर चांगली पिशवीही मख्ख दिसते. ही चाचणी नाही, हा अंदाज आहे. आकडा देणारी एकच गोष्ट, पीएच. तो बघा.

---

निशाचर डॉक | मंगळवार, दुपारी २:१५

गोदाकाठ काकांच्या रजिस्टरच्या वर्णनाला +१००. सगळीकडे तेच.

पण पीएच हा भरवशाचा आकडा आहे असं म्हणणाऱ्यांना माझा नेहमीचा प्रश्न: कुठल्या तापमानाला मोजला? नियमात साठवणीच्या तापमानाला मोजा असं स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे मात्र सिरिंज घेऊन धावत आयसीयूतल्या ब्लड गॅस यंत्रावर जातात. ते यंत्र नमुना ३७ अंशांवर आणून मोजतं, आणि तोच नमुना ३७ ला २२ पेक्षा कमी पीएच दाखवतो. फरक ०.१-०.२ चाच, पण आपण ज्या सीमेवर भांडतोय तिथे तेवढ्यानं निकाल फिरतो. युरोपात निकष २२ अंशांना ६.४ असा आहे, तो यामुळेच. दुसरीकडे, नमुना उघड्या नळीत ठेवून कुणी चहाला गेलं तर कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच उगाच चांगला दिसायला लागतो. पट्टीवर रंग बघून ६.२ आणि ६.५ मधला फरक सांगणाऱ्याला माझा दंडवत.

सगळ्यात मोठी गफलत नळीची. पिशवी फोडायला नको म्हणून शेपटीच्या नळीतला तुकडा सील करून त्यावर पीएच काढतात. नळीचं प्लास्टिक पिशवीसारखं श्वास घेत नाही, नळी ॲजिटेटरवर नीट हलतही नाही. त्या तुकड्यातल्या प्लेटलेट्स आणि पिशवीतल्या प्लेटलेट्स यांचं नशीब वेगळं. काउंटसाठी नळी चालते, पण आधी स्ट्रिपरनं नळीतलं सगळं तीन-चार वेळा पिशवीत ढकलून परत आणायचं, मगच सील करायची.

---

ट्यूबसीलर | मंगळवार, रात्री ९:३०

डॉक, नळीचा मुद्दा सोन्यासारखा. मी उपलेख लिहायला घेतला असता तर तिथूनच सुरुवात केली असती.

गोदाकाठ काका, प्लसच्या रांगेबद्दल वाद नाही. पण त्यात खोट चाचणीची की करणाऱ्याची? स्वर्लिंगचं मोल यात आहे की ते जाता जाता प्रत्येक पिशवीवर होतं. पीएच शंभरातल्या एका पिशवीचा कळतो, तोही बहुतेक वेळा ती मुदत संपल्यावर. जी पिशवी आत्ता वॉर्डात चाललीय तिच्याबद्दल तो काही सांगत नाही.

आम्ही एक साधा बदल केला. इश्यूच्या टेबलावर पांढरा दिवा आणि मागे मॅट काळा पत्रा बसवला, आणि रजिस्टरात प्लस लिहायचं बंद केलं. आता ०, १, २, ३ असा आकडा लिहायचा: ० म्हणजे काहीच हालचाल नाही, १ म्हणजे पिशवीच्या एखाद्या भागात, नीट दिसत नाही, २ म्हणजे सगळीकडे दिसतं, ३ म्हणजे सगळीकडे आणि बारकाव्यासकट. ० आणि १ आला की दुसऱ्या माणसानं बघायचं, पहिल्याचा आकडा न सांगता. आकडा लिहायचा म्हटल्यावर माणसाला पिशवीकडे बघावंच लागतं. रकान्यात २ आणि ३ मिसळलेले दिसायला लागले तेव्हा माझी खात्री पटली की लोक बघताहेत.

---

गोदाकाठ | मंगळवार, रात्री १०:०२

आकड्यांची युक्ती बरी आहे. काळा पत्रा उचलतो तुमचा. बाकी मतभेद कायम. :)

---

वॉर्डवाली | बुधवार, पहाटे ५:५०

रात्रपाळी संपवून लिहितेय. माझा त्रास वेगळाच आहे. बाहेरच्या रक्तपेढीतून नातेवाईक पिशवी आणतात ती थर्मासमध्ये, वर बर्फाचे गोळे! का, तर शेजारच्या काकांनी सांगितलं, रक्त बर्फातनं न्यायचं असतं. परवा एक मुलगा तर आइस्क्रीमच्या डब्यात घेऊन आला. मी काय करायचं? लावायची की परत पाठवायची? परत पाठवली तर तो दोन तास फिरणार, डॉक्टर माझ्यावर ओरडणार. आणि आमच्याकडेही काही नवीन मुली पिशवी आली की पटकन वॉर्डच्या फ्रिजमध्ये सारतात, औषधाच्या रॅकवर.

---

ट्यूबसीलर | बुधवार, दुपारी १२:४०

ताई, यात नातेवाइकांचा दोष नाही. रक्तपेढीनं पिशवी देतानाच सांगायला हवं, आणि पिशवीला चिठ्ठीही हवी: "बर्फ नको, फ्रिज नको, सरळ वॉर्डात." बर्फ लाल पेशींसाठी. प्लेटलेट्स रिकाम्या थर्माकोलच्या डब्यात न्यायच्या, उन्हात ठेवायच्या नाहीत, बस्स.

थोडा वेळ गारव्यात राहिलेली पिशवी लगेच निकामी होत नाही, पण चकत्या फुगून गोल व्हायला लागतात, आणि काही तास गेले की परत गरम करूनही सगळ्या पूर्वपदावर येत नाहीत. बर्फात आलेली पिशवी लावायची की नाही, हे तुम्ही एकटीनं ठरवू नका. रक्तपेढीला फोन करा, किती वेळ बर्फात होती ते सांगा, निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा. आणि तो फोन केल्याचं केसपेपरवर लिहा, म्हणजे ओरडणाऱ्याला उत्तर तयार.

वॉर्डात आल्यावर ॲजिटेटर नसतोच, त्यामुळे ठेवून द्यायची नाही, लावायची. लावण्याआधी हलकेच हलवा, जोरात झटकू नका. सेट (रक्त चढवायची नळी) नवा घ्या. लाल पेशी गेलेल्या सेटच्या गाळणीत प्लेटलेट्स अडकतात. आरडीपी तशी भरभर जाते, आणि काही झालं तरी चार तासांच्या पुढे न्यायची नाही.

---

दूरदेशी | बुधवार, रात्री ८:१५

अमेरिकेत रक्तघटकांच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून थोडी भर.

हा फ्रिजचा घोळ ऐतिहासिक आहे. १९६० च्या दशकापर्यंत प्लेटलेट्स खरोखरच ४ अंशांवर ठेवत. १९६९ मध्ये मर्फी आणि गार्डनर यांनी दाखवलं की थंडीत ठेवलेल्या प्लेटलेट्स रुग्णाच्या रक्तातून फार लवकर नाहीशा होतात आणि खोलीच्या तापमानातल्या कितीतरी जास्त टिकतात. तिथून ही २२ अंशांची पद्धत आली. पुढे चांगल्या प्लास्टिकच्या पिशव्या आल्यावर इथं मुदत १९८४ मध्ये सात दिवस केली, आणि १९८६ मध्ये परत पाचवर आणली. प्लेटलेट्स सहाव्या-सातव्या दिवशी खराब होतात म्हणून नाही, तर पिशव्यांत जिवाणू वाढल्याच्या घटना दिसल्या म्हणून.

आता गंमत बघा. थंड प्लेटलेट्स शरीरात टिकत नसल्या तरी रक्तस्राव थांबवायला उत्तम काम करतात. त्यामुळे २०२३ पासून इथं वाहत्या रक्तस्रावासाठी, नेहमीच्या प्लेटलेट्स मिळत नसतील किंवा वापरणं व्यवहार्य नसेल तेव्हा, थंड प्लेटलेट्स १४ दिवसांपर्यंत वापरायला परवानगी आहे. त्यांना स्वर्लिंग लावायचंच नाही, ते नसणारच. पण हे ठरवून, वेगळ्या लेबलनं केलेलं काम. वॉर्डवाली ताईंच्या आइस्क्रीमच्या डब्याला त्याचा आधार कुणी घेऊ नये.

---

शंकासुर | बुधवार, रात्री ८:३१

म्हणजे आधी फ्रिज, मग फ्रिज नको, आता परत फ्रिज. शास्त्र म्हणतात ते हेच का?

---

दूरदेशी | बुधवार, रात्री ९:०५

हो, हेच. रोग्याला रोज थोडा पुरवठा हवाय की आत्ता वाहणारं रक्त थांबवायचंय, त्यावर साठवण ठरते. कॅन्सरच्या रुग्णाला खोलीच्या तापमानातली लागते, अपघातातल्या रुग्णाला थंडही चालते.

---

पाचवा गिअर | गुरुवार, सकाळी ९:१०

बायोमेडिकल इंजिनिअर आहे. सगळे पिशवीवर बोलताय, पिशवी ज्यावर ठेवता त्या यंत्राला कुणी विचारत नाही.

ॲजिटेटरचा झोका मिनिटाला साधारण ६० असावा लागतो. कधी मोजता? पट्टा सैल झाला की झोका छोटा होतो, आवाज मात्र तोच. घड्याळ लावून मोजा, एका मिनिटाचं काम आहे. डिजिटल डिस्प्लेवर २२.० दिसतं ते सेन्सर जिथं बसवलाय तिथलं तापमान. वरच्या आणि खालच्या फळीवर वेगळा थर्मामीटर ठेवून बघा, काय दिसतं ते. आणि डेंग्यूत मी जिथं जिथं जातो तिथं एका खणात पिशव्यांवर पिशव्या. खालच्या पिशवीचा श्वास कोंडतो हे वर लिहिलंच आहे.

लाइट गेली तर? इन्व्हर्टरवर फ्रिज असतात, ॲजिटेटर बऱ्याच ठिकाणी नसतो. भार फारसा नसतो, तो आधी जोडा.

---

ट्यूबसीलर | गुरुवार, दुपारी १:२५

गिअर साहेब, झोके मोजायचं आजच कामाच्या यादीत घातलं. लाइट जाण्याबद्दल लोक घाबरतात तेवढं भय नाही. ॲजिटेशन २४ तासांपर्यंत थांबलं तरी प्लेटलेट्स बहुधा निभावतात, असं अभ्यासांत दिसलंय, नाहीतर एका गावाहून दुसऱ्या गावाला पाठवताच आल्या नसत्या. मात्र ते २४ तास सगळे मिळून. आणि थांबलेल्या काळात पिशव्या एकाच थरात, पसरून. ढीग केला की गणित बदललं.

यंत्राच्याही आधीची गोष्ट सांगतो, कारण माझ्या मते निम्मी गुणवत्ता तिथंच ठरते. शिबिरात रक्त घेतलं की काही संस्थांची मंडळी पिशव्या सवयीनं बर्फाच्या पेटीत घालतात. त्या रक्तातून प्लेटलेट्स काढता येत नाहीत, संपला विषय. प्लेटलेट्ससाठीचं रक्त २०-२४ अंशांतच यायला हवं आणि सहा ते आठ तासांच्या आत त्याचे घटक वेगळे व्हायला हवेत. दात्यानं तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलं असेल तर त्याच्या रक्तातून प्लेटलेट्स काढत नाही. त्या काउंटला, पीएचला, स्वर्लिंगला सगळ्यात पास होतील आणि तरी काम अर्धवट करतील. सुई नीट बसली नाही, रक्त थेंब थेंब आलं, तर पिशवीतच बारीक गुठळ्या होतात.

मग सेंट्रिफ्यूज. आमच्याकडे पीआरपी (आधी प्लेटलेट्सयुक्त प्लाझ्मा वेगळा काढायची) पद्धत आहे: आधी हलका स्पिन, मग जोराचा. जोराच्या स्पिननंतर प्लेटलेट्स तळाशी गच्च बसतात. पिशवी तासभर शांत आडवी ठेवायची. घाई करून लगेच ॲजिटेटरवर टाकली किंवा हातानं चोळली तर गोळे सुटत नाहीत. नवीन पोरं याच तासाला कंटाळतात. त्या तासाच्या आत काउंट लावला तर आकडा निम्मा येतो आणि चांगली पिशवी नापास होते.

---

अनवट | गुरुवार, रात्री १०:४८

धागा पूर्ण वाचला. माझा प्रश्न कदाचित भाबडा वाटेल. माझ्या भावाला डेंग्यूत काउंट १८ हजार असताना चार आरडीपी दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काउंट २१ हजार. चार पिशव्यांत फक्त तीन हजार! आम्हाला सांगितलं होतं की एका पिशवीला पाच ते दहा हजार वाढतो. तेव्हापासून घरात सगळ्यांचं ठाम मत आहे की पिशव्या शिळ्या होत्या. भाऊ आता ठणठणीत आहे, पण त्या पिशव्या खरंच खराब असतील का?

---

निशाचर डॉक | शुक्रवार, रात्री १२:३५

अनवट ताई, प्रश्न अजिबात भाबडा नाही. पिशवीची खरी परीक्षा रुग्णाच्या अंगातच होते, फक्त तो निकाल वाचताना फसायला होतं.

आमच्याकडे त्यासाठी सीसीआय नावाचा हिशेब आहे. काउंटमधली वाढ गुणिले शरीराचं क्षेत्रफळ, भागिले दिलेल्या प्लेटलेट्स, १०,००० कोटींच्या पटीत. तुमच्या भावाचं क्षेत्रफळ १.७ चौरस मीटर धरू. चार पिशव्या, प्रत्येकी ५००० कोटी, म्हणजे २०,००० कोटी, म्हणजे २. वाढ ३०००. ३००० × १.७ ÷ २ = २५५०. प्लेटलेट्स दिल्यावर तासाभरात हा आकडा ७५०० च्या वर असावा लागतो. म्हणजे तुमच्या भावाचा काउंट निदान नऊ हजारांनी वाढायला हवा होता.

पण तुम्ही काउंट बघितला दुसऱ्या दिवशी सकाळी. तासाभरातला बघितलात का? बहुधा नाही, कुणी बघत नाही. डेंग्यूत प्लेटलेट्स भराभर नष्ट होत असतात; रोग्याच्या स्वतःच्या टिकत नाहीत, तर पाहुण्या कुठून टिकणार? दहा मिनिटं ते एक तास या वेळात घेतलेला नमुना पिशवीबद्दल बोलतो. सकाळचा नमुना रोगाबद्दल. ताप, वाढलेली प्लीहा, आधी रक्त चढवल्यानं तयार झालेली प्रतिद्रव्यं, यांतलं काहीही असलं तरी उत्तम पिशवी वाया जाते.

जरा कडवट आहे, पण आता बोलतोच. १८ हजार काउंट आणि रक्तस्राव नाही अशा डेंग्यूच्या रुग्णाला प्लेटलेट्स द्यायची सहसा गरजच नसते. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत रक्तस्राव नसेल तर १० हजारांच्या खाली विचार करा म्हटलंय. सिंगापूर-मलेशियात २० हजार किंवा त्याखालचा काउंट असलेल्या डेंग्यूच्या प्रौढ रुग्णांवर चाचणी झाली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रतिबंध म्हणून प्लेटलेट्स दिलेल्यांना रक्तस्राव कमी झाला नाही. तेव्हा घरच्यांना सांगा, पिशव्या शिळ्या होत्या असं म्हणायला हा काउंट पुरत नाही.

---

अनवट | शुक्रवार, सकाळी ८:१०

बापरे. धन्यवाद डॉक. घरच्या ग्रुपवर हे टाकते, त्या रक्तपेढीला गेले कित्येक महिने शिव्या खाव्या लागताहेत.

---

वॉर्डवाली | शुक्रवार, दुपारी ३:३०

डॉक, तासाभरातला काउंट घ्यायला आम्ही तयार आहोत, तुम्ही ऑर्डरमध्ये लिहा. न लिहिता नमुना पाठवला की लॅबवाले परत पाठवतात.

---

गोदाकाठ | शनिवार, सकाळी ७:०५

जिवाणूंचा विषय दूरदेशी ताईंनी काढला तो अर्धवट सुटला. २२ अंश, ग्लुकोज, प्लाझ्मा, शिवाय दिवसरात्र हलवणं; जंतूंना यापेक्षा चांगली सोय कोण देणार? कातडीवरचा एक जंतू सुईबरोबर आत गेला तरी पाच दिवसांत करोडोंनी वाढतो. स्वर्लिंग जातं ते अगदी शेवटी, कधी जातही नाही. म्हणून मी म्हणत होतो, स्वर्लिंग बघून कुणी निर्धास्त होऊ नये. पिशवीत बुडबुडे, विचित्र रंग, न विरघळणारे कण दिसले तर स्वर्लिंग तीन असलं तरी पिशवी बाजूला.

आपल्याकडे १ टक्क्याचं कल्चर, म्हणजे जंतू वाढतात का ते बघायची चाचणी, होतं. त्याचा अहवाल येईपर्यंत पिशवी संपलेली असते. माझ्या दृष्टीनं खरी गुणवत्ता चाचणी म्हणजे शिबिरात दंड नीट घासला की नाही, आणि पहिलं २५-३० मिली रक्त वेगळ्या थैलीत काढणारी पिशवी वापरली की नाही. कातडीचा तुकडा आणि त्यावरचे जंतू त्या पहिल्या रक्तात येतात.

---

दूरदेशी | शनिवार, रात्री ११:४०

काका, अगदी बरोबर. इथली वापरात असलेली एक पद्धत अशी: रक्त घेतल्यावर निदान ३६ तास थांबून मग पिशवीतला मोठा नमुना कल्चरला लावायचा, म्हणजे जंतूंना मोजण्याइतकं वाढायला वेळ मिळतो. ४८ तास थांबून मोठा नमुना लावला तर ठरावीक पिशव्यांत मुदत सात दिवस मिळते. ताजी पिशवी लगेच तपासली तर जंतू इतके कमी असतात की नमुन्यात सापडतच नाहीत. खर्च मात्र दणकून येतो, आणि पिशवीच्या आयुष्यातले दोन दिवस नुसते थांबण्यात जातात.

---

ट्यूबसीलर | रविवार, सकाळी १०:२०

काकांचं बुडबुड्यांचं वाक्य छापून इश्यू टेबलावर लावतोय.

दोघा-तिघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं की १ टक्क्यासाठी पिशवी कुठली निवडायची. काउंट आणि आकारमान बनवल्याच्या दिवशी, तासभर विश्रांती झाल्यावर, नळीतून. पीएच मात्र पाचव्या दिवशी, मुदत संपत आलेल्या पिशवीतून थेट, सिरिंजला हवा न लावता, खोलीच्या तापमानाला. आणि उरलेल्याच पिशव्या निवडू नका. उरलेल्या म्हणजे बहुधा दुर्मीळ गटाच्या, ॲजिटेटरच्या मागच्या कोपऱ्यातल्या; त्यांच्यावरून सगळ्यांचा अंदाज चुकतो. महिन्याच्या सुरुवातीलाच तारखा ठरवा आणि त्या दिवशी बनलेली अमुक क्रमांकाची पिशवी बाजूला ठेवायची असं लिहून टाका. डेंग्यूच्या महिन्यात ती पिशवी मागायला कुणीतरी येणारच. तेव्हा तिच्या पुढच्या क्रमांकाची घ्या, आणि का बदलली ते शेऱ्यात लिहा.

---

गोदाकाठ | रविवार, सकाळी ११:००

आणि तो शेरा दुसऱ्या पेनानं लिहा. :)